आमदारांची ओटी

मंदाताई कदमांची आणि माझी पहिली भेट भेंडीच्या ढिगापाशी झाली. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या आमच्या इंडियन स्टोअरमध्ये भेंडीचे शेंडे मोडू नका अशी पाटी आहे. मी ती वाचता येत नाही असं दाखवून शेंडे मोडत उभा होतो. माझ्या पलीकडे एक तरुण पोरगी, आणि तिच्या पलीकडे एक बुटक्या, रुंद बाई, पायात नर्सचे पांढरे बूट. बाई त्या पोरीला सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होत्या की पाळी वेळच्या वेळी येते का, आणि रक्त फार जातं का. पोरीचे कान लाल झाले. मी भेंडीत तोंड घातलं. तोवर बाई माझ्याकडे वळल्या.

"आणि तुम्ही? रात्री लघवीला किती वेळा उठता?"

मी म्हणालो, बाई, मी तुम्हाला ओळखत नाही.

"लघवीला ओळख कशाला लागते?"

मी पाटी टाकून, म्हणजे भेंडी टाकून, घरी आलो. पण आठ दिवसांत त्यांनी मागून ओरडून सांगितलेल्या डॉक्टरकडे गेलो, हेही खरं. पोरगी पण गेली असं नंतर कळलं.

मी चौथी पास आहे. बार्शीला लाल गाडीवर ड्रायव्हर होतो, रिटायर झाल्यावर इथे मुलाकडे आलो. माझ्या हातून एकही अपघात झालेला नाही, हे इथंच लिहून ठेवतो, कारण पुढे सांगायला जागा मिळणार नाही. इथल्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मंदाताईंवर एक पान द्या असं पोरं म्हणाली. एका पानात मंदाताईंचा आवाजसुद्धा मावत नाही.

तो आवाज बाळंतिणींच्या खोलीत तयार झालेला. मिरजेला नर्सिंग शिकून त्या तरुणपणी ह्यूस्टनला आल्या आणि रिटायर होईपर्यंत बाळंतपणाच्या वॉर्डात राहिल्या. कळा देणाऱ्या बाईवर ओरडायचं, घाबरलेल्या नवऱ्यावर ओरडायचं, उशिरा आलेल्या डॉक्टरवर ओरडायचं, अशी नोकरी. नोकरी संपली, आवाज राहिला. सत्यनारायणाच्या पूजेत त्या 'प्रसाद घ्या' म्हणाल्या तरी माणसाला वाटायचं आता जोर लावायला सांगताहेत.

सकाळचा चहा झाला की लोक पोथी घेतात, मंदाताई फोन घ्यायच्या. आमदार, खासदार, गव्हर्नर, ज्याने ज्याने बायकांच्या पोटाबद्दल कायद्याला हात वर केला त्याच्या ऑफिसला फोन. रोज. तिकडे फोन उचलणारी मुलगी बदलली की नव्या मुलीला आधी स्वतःची ओळख सांगायच्या, मग तिचं वजन विचारायच्या, मग कायद्याकडे वळायच्या. एका ऑफिसातल्या मुलीने पुढे पुढे सांगितलं म्हणे की मॅडम, साहेबांना काही फरक पडत नाही, पण तुमच्या सांगण्यावरून मी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यात, बरं वाटतंय. मंदाताई म्हणाल्या, चला, त्या ऑफिसात एकाचं तरी रक्त सुधारलं.

मला हे पटत नव्हतं. बायकांच्या गोष्टी चारचौघांत कशाला, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं आहे, आणि अजूनही माझं पूर्ण मत बदललेलं नाही. त्या म्हणायच्या, "बापू, चारचौघांनीच तर कायदा केलाय. मग चारचौघांतच बोलणार."

आता जोनबद्दल सांगितलं पाहिजे. जोन म्हणजे मंदाताईंच्या घरात राहणारी टेक्सासची बाई. उंच, हाडापेराने दणकट, डोक्यावर हॅट, जन्मभर शाळेची पिवळी बस चालवलेली. मंदाताईंचे यजमान तेलाच्या कंपनीत इंजिनियर होते, ते फार लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. काही वर्षांनी जोन राहायला आली. आमच्या मंडळात तिची ओळख 'मंदाताईंची पेइंग गेस्ट' अशी होती. मोठमोठे डॉक्टर, इंजिनियर, सगळे हेच म्हणायचे. एक पेइंग गेस्ट पंचवीस वर्षं राहते, मालकिणीच्या तब्येतीसाठी गुरुवारचा उपास धरते, गणपतीत मोदकांना कळ्या पाडते, आणि कोणाला काही वाटत नाही. भाडं किती देते असं कोणी विचारलं तर मंदाताई एवढंच म्हणायच्या, "थकलंय."

मग वरच्या कोर्टाचा निकाल आला आणि या दोघी कोर्टहाउसला जाऊन लग्न करून आल्या. मंडळाने हेही न पाहिल्यासारखं केलं असतं. पण पुढे संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. ते देशपांड्यांकडे. देशपांडेकाका मंडळाचे अध्यक्ष, आणि प्रमिलाकाकू त्यांची बायको. आम्ही पुरुष नेहमीप्रमाणे गॅरेजमध्ये खुर्च्या टाकून बसलेलो. एवढ्यात काकू हातात करंडा घेऊन धावत गॅरेजमध्ये आल्या आणि काकांना म्हणाल्या, अहो, आत या, मंदाताई मंगळसूत्र घालून आल्यात.

आम्ही दारात जाऊन पाहिलं. हिरवी साडी, अंबाडा, गळ्यात दोन वाट्या. मंदाताई कपाळ पुढे करून कोचावर बसलेल्या. इतकी वर्षं त्या हळदीकुंकवाला यायच्या, तिळगूळ घ्यायच्या, आणि कुंकवाची वेळ आली की चहा करायला आत जायच्या, विधवा म्हणून. आज गेल्या नाहीत.

अध्यक्षांनी गॅरेजमध्ये बैठक घेतली. एक डॉक्टर म्हणाले, विधवा ती विधवा. दुसरे म्हणाले, पण पुनर्विवाह झाला, कायद्याने झाला. पहिले म्हणाले, नवरा कुठे आहे पण? दुसरे म्हणाले, नवरा जिवंत आहे की नाही एवढंच बघायचं असतं, नवरा कोण आहे ते शास्त्रात कुठे विचारलंय? यावर बराच वेळ गेला. शेवटी आतून तो आवाज आला.

"माझं कुंकू बाहेर गाडी लावतंय. आत यायच्या आधी काय ते ठरवा."

प्रमिलाकाकूंनी काकांकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि कुंकू लावलं. तेवढ्यात जोन आत आली. काकूंच्या हाताला सवय लागलेली, त्यांनी तिलाही लावलं. जोनने हॅट काढून मान वाकवली. पुढच्या वर्षीपासून असा पेच नको म्हणून मंडळाने जाहीर केलं की हळदीकुंकू सगळ्याच बायकांसाठी आहे, कोणी काही विचारायचं नाही. त्यामुळे मंडळातल्या उरलेल्या विधवांनाही कुंकू लागलं, आणि एवढी मोठी सुधारणा केल्याबद्दल देशपांडेकाकांनी स्वतःच्या भाषणात स्वतःचं अभिनंदन केलं.

आता ऋचा. आमच्या समोरच्या घरात राहायची. नागपूरची, कंप्युटरवाली, नवरा अनिकेत पुण्याचा. दोघं व्हिसावर. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी दिवस राहिले होते. मंदाताई रोज जाऊन पोट बघायच्या, आणि जोन पाळणा बनवत होती.

पाचव्या महिन्यात एका सकाळी पाणी गेलं. हॉस्पिटलमध्ये नेलं. डॉक्टरीण म्हणाली, बाळ वाचणार नाही, पण ठोके अजून आहेत. गर्भपातबंदीचा नवा कायदा झालाय. ठोके आहेत तोवर, आणि आईच्या जिवाला धोका दिसत नाही तोवर, आम्ही काही करू शकत नाही. घरी जा, ताप आला की या. असं सांगताना ती डॉक्टरीण स्वतः रडत होती, असं अनिकेतने सांगितलं.

मी त्या घरी बसलेलो आहे. मंदाताई थर्मामीटर घेऊन पलंगाशी, अनिकेत दारात, जोन गाडीची किल्ली हातात धरून. सगळे ताप येण्याची वाट बघताहेत. ताप यावा म्हणून बसलेलं घर मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मंदाताई ऐंशीच्या घरातल्या, हजारो बाळंतपणं केलेल्या, आणि त्यांना हात लावायची मुभा नाही. त्या दिवशी त्या ओरडल्या नाहीत. ते मला जास्त वाईट वाटलं.

ताप आला तेव्हा असा आला की पोरगी बरळायला लागली. बाळ गेलं. ऋचा बरेच दिवस आयसीयूत होती, वाचली. मंडळात सांगितलं गेलं, व्हायरल झालं होतं. अनिकेतनेच तसं सांगितलं. मंदाताईंनी विचारलं तेव्हा म्हणाला, "मावशी, आमचं ग्रीन कार्ड पेंडिंग आहे. प्लीज, यार, हे सगळं कुठे बोलू नका. आम्हाला फक्त विसरायचंय."

अनिकेत विसरण्याच्या कामाला लागला. ऋचाने बोलणंच सोडलं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये इंग्रजीत बोलायची, ते बंद झालं की गप्प. मंदाताई म्हणायच्या, "बापू, ही पोरगी स्वतःच्या तोंडाने एकदा हे बोलली नाही ना, तर आत सडेल. मी जखमा बघितल्यात." पण कोणाशी बोलणार? मंडळात व्हायरल ठरलेलं. आईला फोनवर व्हायरलच सांगितलेलं.

त्या वसंतात टेक्सासच्या राजधानीत, ऑस्टिनला, विधानसभेचं अधिवेशन होतं. कायदा थोडा सैल करण्याचं एक बिल कमिटीपुढे येणार होतं, आणि त्यावर कोणीही जाऊन दोन मिनिटं बोलू शकतं अशी इकडची पद्धत आहे. मंदाताईंनी ठरवलं, बायका घेऊन जायचं. मोर्चा म्हटलं असतं तर एक बाई आली नसती. कोणाचा व्हिसा, कोणाच्या नवऱ्याची कंपनी, कोणाला पॉलिटिक्स आवडत नाही. मंदाताई देशपांड्यांच्या स्वयंपाकघरात सगळ्या बायका जमवून म्हणाल्या, ऑस्टिनला आमदारांची ओटी भरायला जायचंय.

कोणाला कळेना. मी ओट्यापाशी चहाचा कप घेऊन उभा होतो, मलाही कळेना.

"आपल्या पोटातल्या पोराची ज्यांना आपल्यापेक्षा जास्त काळजी, त्यांना दिवस गेल्यातच जमा आहेत," मंदाताई म्हणाल्या. "दिवस गेलेल्या माणसाची आपण ओटी भरतो की नाही?"

मग प्रमिलाकाकूंनी विचारलं, "खण कॉटनचे घ्यायचे की सिल्कचे?" आणि विषय संपला. ओटी भरायला बोलावलं आणि गेलो नाही, असं आमच्यातल्या एकाही बाईला जमणार नव्हतं. नवऱ्यांनाही काही हरकत घेता येईना. देशपांडेकाका फक्त म्हणाले, तिकडे फोटो नका काढू.

ऋचाला मंदाताईंनी एवढंच सांगितलं की तबक धरायला एक तरुण हात पाहिजे, आमचे थरथरतात. तिने मान हलवली.

जोनच्या चर्चची मोठी व्हॅन मिळाली. चालवायला जोन, शेजारी मी. मला इंग्रजी अर्धं येतं आणि जोनला मराठी पाव येतं, पण ड्रायव्हरला ड्रायव्हरचं सगळं कळतं. तिने उजवीकडून, म्हणजे इकडच्या चुकीच्या बाजूने, ओव्हरटेक केली की मी घसा खाकरायचो, मी खाकरलो की ती आणखी एक करायची. रस्त्याकडेला निळी रानफुलं इतकी की बायकांनी गाडी थांबवायला लावली. नऊवारी, पैठण्या नेसलेल्या आमच्या बायका त्या फुलांत बसून फोटो काढताहेत, मागे गाई चरताहेत, आणि ट्रकवाले हॉर्न वाजवत जाताहेत. फोटो नका काढू म्हणणाऱ्या काकांना पहिला फोटो काकूंनीच पाठवला.

विधानभवनाच्या दारात तपासणी. पिस्तुलाचा परवाना असलेल्यांची रांग वेगळी, ती भराभर पुढे जात होती. आमची नारळांची रांग अडली. गार्डने नारळ कानाशी नेऊन हलवला. आत पाणी वाजलं. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने तिसरीला. तिसरी बाई होती, गार्डांची वरिष्ठ. मंदाताईंनी तिला विचारलं, मुलं किती? ती म्हणाली, तीन. शेवटचं सिझेरियन झालं का? तिने हो म्हटलं आणि तिचं तिलाच नवल वाटलं. मंदाताईंनी तिथल्या तिथे तिची ओटी भरली, खण, नारळ, तांदूळ. युनिफॉर्मला पदर कुठला, तिने दोन्ही हात पुढे केले. त्यानंतर आमचं नारळांचं पोतं कोणी तपासलं नाही.

मग आम्ही ऑफिसं घेत सुटलो. बरेच साहेब जागेवर नव्हते, त्यांच्या टेबलावर ओटी ठेवून आम्ही पुढे जायचो. एक मात्र सापडले. सहा फुटी, गुलाबी चेहऱ्याचे. त्यांना वाटलं इंडियातून सत्कार आलाय. त्यांनी हात जोडले, कोटाचे पदर पुढे धरले, काकूंनी हळदीचं बोट लावलं, आणि त्यांनी प्रेमाने विचारलं की हा कसला समारंभ. मंदाताईंनी इंग्रजीत समजावून सांगितलं. हे आम्ही गरोदर बाईचं करतो. सगळ्या टेक्सासच्या गर्भांची जबाबदारी तुम्ही घेतलीत, तेव्हा तुम्हाला जपायला पाहिजे. पाय सुजतात का? साहेब हसायला लागले आणि मधेच थांबले. दोन्ही हात कोटात तांदूळ धरून अडकलेले, हलले तर सांडतात. मंदाताईंनी त्यांना डाव्या कुशीवर झोपायला सांगितलं आणि आम्ही निघालो.

दुपारी कमिटीची खोली. ती जमिनीखाली, आणि तिथे सगळे बोळ सारखे. बोलणाऱ्यांनी आधी एका स्क्रीनवर नाव टाकायचं आणि कोणत्या बिलावर ते निवडायचं. जोन पार्किंगचं मीटर बघायला गेलेली. मंदाताई गार्डांच्या वरिष्ठ बाईशी टाक्यांबद्दल बोलत होत्या. प्रमिलाकाकू म्हणाल्या मी टाकते. त्यांचा चष्मा व्हॅनमध्ये राहिला होता, पण चष्मा राहिला असं काकू कधी कबूल करत नाहीत. एकटं मंदाताईंचं नाव कसं टाकायचं, आपण सगळ्या आलोय, म्हणून त्यांनी हळदीकुंकवाच्या बोलावण्यासारखी सगळ्यांची नावं टाकली. ऋचाचंही. आणि खालचं बिल निवडायचं ते वरचं निवडलं.

आम्ही त्या बिलाच्या खोलीत जाऊन बसलो. समोर उंचावर आमदार. मधोमध कमिटीचे अध्यक्ष, राखाडी मिशांचे, टेबलावर हॅट उलटी ठेवलेली. मंदाताई माझ्या कानात म्हणाल्या, हा त्यातलाच, याने हात वर केला होता, याच्या ऑफिसला मी रोज फोन करते. मंदाताईंचं नाव पुकारलं. त्या गेल्या, माइक ओढला, आणि आपल्या बाळंतिणींच्या खोलीच्या आवाजात सुरू झाल्या. अध्यक्षांनी थोडं ऐकलं आणि अगदी अदबीने म्हणाले, मॅडम, हे बिल गुरांचं आहे. अडलेल्या जनावरावर मालकाला न विचारता डॉक्टरला उपचार करता यावेत, त्याचं.

मंदाताईंनी मागे काकूंकडे पाहिलं. काकूंनी छताकडे पाहिलं. मंदाताई येऊन बसल्या.

पण यादी चालू राहिली. प्रमिला देशपांडे. काकू गेल्या, आणि आता गेल्यासारखं काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाल्या की गाय आमच्यात पवित्र आहे, धन्यवाद. दुसऱ्या एक बाई माण तालुक्यातल्या, त्या म्हशीच्या अडलेल्या रेडकाबद्दल इतकं नीट बोलल्या की आमदार लिहून घ्यायला लागले. मग ऋचाचं नाव पुकारलं.

मंदाताईंनी तिचा हात धरला, जायची गरज नाही म्हणून. ऋचाने तबक माझ्या मांडीवर ठेवलं आणि गेली. पुढचं थोडं मला तिथे कळलं, उरलेलं काकूंनी परतीच्या वाटेवर सांगितलं. तिने अध्यक्षांना विचारलं की सर, तुमच्याकडे गुरं आहेत का. ते म्हणाले, तीन पिढ्या.

"गाईचं पाणी वेळेआधी गेलं आणि वासरू जगणार नसेल, तर तुम्ही काय करता?"

"काढतो. गाय वाचवतो."

"किती वेळ थांबता?"

"थांबत नाही, मॅडम. थांबलं तर गाय जाते."

"माझ्यासाठी थांबले," ऋचा म्हणाली. "मला ताप येईपर्यंत."

मग तिने सगळं सांगितलं. सावकाश, मीटिंगमध्ये सांगतात तसं. पाणी गेलेली सकाळ, रडणारी डॉक्टरीण, थर्मामीटर, जोन किल्ली घेऊन उभी. मुलगी होती, हेही तिने सांगितलं, जे आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन मिनिटं झाल्याची घंटी वाजली, तेव्हा अध्यक्षांनी ती हाताने बंद केली. ती बोलत राहिली. शेवटी ते म्हणाले, मॅडम, मला वाईट वाटतं, पण हे ते बिल नाही.

"माहितेय, सर," ती म्हणाली. "त्या बिलाला मी बोलले नसते."

मधली सुट्टी झाली. आमच्या नारळांची बातमी त्या भवनात सगळीकडे गेलेली होती. अध्यक्ष स्वतः उठून आमच्या रांगेपाशी आले, हॅट उलटी हातात धरलेली, आणि ऋचासमोर उभे राहिले. मंदाताईंकडे बघून त्यांनी हॅट पुढे केली.

तबकात एकच नारळ उरला होता. मंदाताईंनी तो उचलला आणि ऋचाच्या ओढणीत घातला, वर खण, वर तांदूळ. बाळ गेल्यापासून तिची ओटी कोणी भरली नव्हती, बायका चुकवत होत्या. मग साहेबांच्या हॅटमध्ये त्यांनी मूठभर तांदूळ टाकले. साहेब हॅट तशीच धरून गेले. डोक्याला घालता येईना.

परतताना व्हॅनमध्ये ऋचा मोठ्याने रडली आणि मोठ्याने बोलली, निम्म्या वाटेवरच्या ला ग्रेंज गावाच्या पुढेपर्यंत. कोणी गप्प बस म्हणालं नाही. काकू मधेच म्हणाल्या, मीच चुकले गं ते बिल. मंदाताई म्हणाल्या, जन्मात पहिल्यांदा कामाचं चुकलात.

गुरांचं बिल पास झालं. आमच्या बायकांची नावं सरकारदप्तरी गाईच्या बाजूने आहेत, आणि गुरं पाळणाऱ्यांच्या कुठल्याशा संघटनेने प्रत्येकीला बैलांचं कॅलेंडर पाठवलं. मंदाताईंनी ते स्वयंपाकघरात लावलं. दुसरं बिल त्या अधिवेशनात पुढे सरकलंच नाही. हात वर करणाऱ्यांनी पुढच्या वेळीही वरच केले असतील. मंदाताई रोज फोन करत राहिल्या.

त्यानंतर काही काळाने ऋचाला पुन्हा दिवस राहिले. हे तिने पहिल्यांदा कोणाला सांगितलं तर मंदाताईंना, आणि म्हणाली की इथे राहायची मला भीती वाटते. तिच्या आईला नागपुरात व्हिसाची तारीख मिळत नव्हती. मंदाताईंनी जेवणाच्या टेबलावर अमेरिकेचा नकाशा पसरला. बाळंतपणाला पोरीला माहेरी न्यायचं असतं, तेव्हा हिचं माहेर कुठल्या राज्यात असावं हे कायदे बघून ठरवायचं. जोनची बहीण शेजारच्या न्यू मेक्सिकोत होती, जिथे असा कायदा नाही, एकटी, मोठं घर. झालं. माहेर ठरलं. बहिणीला नंतर कळवलं.

काकू म्हणाल्या, अहो, सातव्या महिन्यात नेतात माहेरी, इतक्या लवकर कोण नेतं? देशपांडेकाका म्हणाले, आणि न्यू मेक्सिको माहेर झालं, तर टेक्सास काय झालं?

"सासर," मंदाताई म्हणाल्या. "सासरे तुमच्या बायकोने बघितलेत ऑस्टिनला. विचारा तिला."

अनिकेतला नोकरी सोडता येत नव्हती, तो विमानाने येऊन जाऊन राहणार होता. पण आता तो कोणाला व्हायरल सांगत नव्हता. मंडळातल्या लोकांना तो स्वतः सांगायचा की आधीच्या वेळी काय झालं ते, म्हणून आम्ही जातोय. मंदाताई आणि जोन दोघी सोबत जाणार, बाळंतपण होईपर्यंत राहणार. या वयात कशाला, असं मी म्हणालो. त्यांनी मला लघवीचं विचारलं. मी विषय सोडला.

तिकडे मुलगी झाली, सुखरूप. मंदाताई मग तिकडेच राहिल्या आणि पुढच्या थंडीत तिकडेच वारल्या. मला जाता आलं नाही. त्यामुळे माझ्याजवळ आहे ते त्या निघतानाचं.

ऊन चढलेलं, दमट हवा, आणि अर्धं मंडळ ड्राइव्हवेवर. जोन गाडीवर, मी चारी टायर बघून घेतले, तिने ते मी बघितल्यावर परत बघितले. काकूंनी ऋचाच्या हातावर दही घातलं. मागच्या सीटवर ऋचा, तिच्या शेजारी मंदाताई. सगळे हात हलवत होते, कोणी फोन वर करून इकडे बघा, मंदाताई, इकडे बघा म्हणत होतं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. ऋचाने पट्टा लावला होता तो पोटावरून गेला होता. मंदाताईंनी तो ओढून खाली घेतला, पोटाखालून, कंबरेच्या हाडांवर, आणि नीट बसला का ते तळहाताने दाबून पाहत राहिल्या. ऋचा काहीतरी हसून म्हणाली. मंदाताई म्हणाल्या, गप बस, हलू नकोस. आम्ही बाहेर हात हलवतच होतो. जोन आरशात बघत थांबली होती. मंदाताईंनी हात काढला, मान हलवली, तेव्हा कुठे तिने गिअर टाकला.